लिनक्स सर्व्हरला स्टोरेज ॲरे जोडताना: माझा अनुभव

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तयार झालेल्या प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवतात. ग्राहकाची तक्रार आली की त्या तारखेचा फोटो दाखवावा लागतो, त्यामुळे जुने फोटो पुसून जागा करायची सोय नव्हती. सर्व्हर भरत आल्यावर दोन कंट्रोलरचा (कारभार बघणारे भाग) स्टोरेज ॲरे, म्हणजे बऱ्याच डिस्कांची पेटी, मागवला आणि तो जोडायचं काम माझ्याकडे आलं. फायबर चॅनलसाठी (स्टोरेजचं खास वेगळं नेटवर्क) कार्डं आणि स्विच वेगळे घ्यावे लागले असते, तेवढं बजेट नव्हतं. म्हणून आयस्कझी (iSCSI) घेतलं. यात डिस्कला द्यायच्या आज्ञा नेहमीच्या इथरनेटवरूनच जातात. २००४ पासून त्याचं प्रमाण ठरलेलं आहे आणि लिनक्समध्ये ते पक्कं मुरलंय.

सुरुवातीचा भाग पटकन उरकला. सर्व्हरचं आयक्यूएन नाव (आयस्कझीमधली त्याची ओळख) ॲरेवर नोंदवून लन (ॲरेने डिस्क म्हणून दिलेला जागेचा तुकडा) फक्त त्याच नावाला दाखवला. ही काळजी घ्यायलाच हवी. एकच लन दोन सर्व्हरांनी साध्या फाइल सिस्टीमने (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) माउंट केला, म्हणजे वापरायला जोडला, तर डेटाची वाट लागते. दोन नेटवर्क कार्डांना दोन वेगळे सबनेट दिले, एक वाट एका कंट्रोलरकडे, दुसरी दुसऱ्याकडे. पोर्ट ३२६० वर डिस्कव्हरी केली (ॲरे काय देतोय ते शोधलं), लॉगिन झालं. एकच लन दोन डिस्क म्हणून दिसला. दोन्हींचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा एकमेव ओळख क्रमांक) सारखाच होता, म्हणून मल्टीपाथने (अनेक वाटांची एकच डिस्क करणारी लिनक्सची सोय) त्यांचं एक नाव केलं. पुढचं सगळं त्या नावावरच करायचं, सुट्या डिस्कला हात लावायचा नाही.

मग एक्सएफएस फाइल सिस्टीम बनवायला घेतली आणि ती आज्ञा अडकूनच बसली. मल्टीपाथ मात्र दोन्ही वाटा ठणठणीत दाखवत होता. कारखान्याचं नेटवर्क बघणारा मुलगा म्हणाला, "सर, पिंग तर होतंय ना, मग ॲरेच खराब असेल." मला ते पटेना. लॉगिन होतंय, डिस्कचं नाव आणि आकार कळतोय, पण मोठं काही लिहायला गेलं की गाडी थांबते. म्हणजे लहान पाकिटं जातात, मोठी अडतात. सर्व्हर आणि ॲरे दोघांवर एमटीयू (एका पाकिटाचा कमाल आकार) ९००० बाइट ठेवला होता. मी त्याला म्हटलं, "आता पिंग ८९७२ बाइटचं कर, आणि तुकडे करायची परवानगी देऊ नकोस." (आयपीचे २० आणि आयसीएमपीचे ८ बाइट धरले की बरोबर ९००० होतात.) पहिल्या वाटेवर उत्तर आलं, दुसरीवर काहीच नाही. त्या बाजूच्या स्विचवर जम्बो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी पाकिटं नेण्याची सोय) चालूच केलेली नव्हती आणि स्विच मोठी पाकिटं गुपचूप टाकून देत होता. मल्टीपाथची तपासणी अगदी लहान आज्ञेने होते, म्हणून त्याला सगळं आलबेल वाटत होतं. सेटिंग बदललं आणि फाइल सिस्टीम लगेच तयार झाली. साधं पिंग झालं म्हणून वाट चांगली असं मी आता कुणाचंच ऐकत नाही.

केबल ओढून बघितल्याशिवाय मी असा सर्व्हर कुणाच्या ताब्यात देत नाही. इथे मोठी फाइल कॉपी करायला लावली आणि एक केबल काढली. कॉपी थांबली आणि बराच वेळ थांबूनच राहिली. कारण आयस्कझी मूळ सेटिंगप्रमाणे तुटलेलं सेशन (ॲरेशी असलेली जोडणी) परत येईल म्हणून १२० सेकंद वाट बघतं. एकच वाट असेल तर ते योग्यच आहे, पण दुसरी वाट मोकळी असताना एवढं थांबायचं कशाला? तो आकडा बराच खाली आणला. आयस्कझीच्या मुख्य सेटिंग फाइलमध्ये बदलून भागत नाही. आधी सापडलेल्या टार्गेटच्या (ॲरेच्या बाजूचं टोक) नोंदीत जुनाच आकडा राहतो, तिथेही बदलावा लागतो. पुन्हा लॉगिन करून परत केबल ओढली, तेव्हा कॉपी जरा अडखळली आणि दुसऱ्या वाटेने पुढे गेली. मग दुसरी बाजूही तशीच तपासली.

एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क माउंट करायच्या ती यादी) नेटवर्कवरची डिस्क असल्याची खूण घातली, नाहीतर नेटवर्क उभं राहण्याआधीच सर्व्हर ती माउंट करायला जाऊ शकतो. रीस्टार्ट करून तेही पाहून घेतलं.

साहेबांचं म्हणणं होतं, ॲरेची सगळी जागा आत्ताच देऊन टाका. मी नको म्हटलं. एक्सएफएस वाढवता येते, कमी करणं व्यवहारात जमत नाही. आता गरजेपुरती जागा दिली आहे. पुढे ॲरेवर लन वाढवायचा, सेशन रीस्कॅन करायचं, मल्टीपाथला नवा आकार कळवायचा आणि शेवटी फाइल सिस्टीम वाढवायची. त्यासाठी फोटो घेणं थांबवावं लागणार नाही.