ओल खालून चढते की बाजूने शिरते: दोन भिंतींचा हिशेब

मधल्या भिंतीत ओल जमिनीतून चढतेय, हे आता वजनकाट्यावर दिसलं. मागच्या भिंतीत मात्र ती खालून येतच नाही, बाजूने शिरते. डाग दोन्हीकडे सारखेच आहेत: गुडघ्याच्या वर पिवळट कड, तिच्याखाली फुगलेलं प्लास्टर, कडेला पांढरा लोणा. नुसत्या नजरेने दोन्ही भिंतींना एकच औषध दिलं गेलं असतं. म्हणून या वेळची नोंद बरीचशी तपासणीचीच आहे.

सोपं ते आधी उरकलं. खिडकीवरचा डाग पन्हळीच्या फुटक्या सांध्यामुळे होता, सांधा बदलला. कपाटामागची काळी बुरशी खोलीतल्या बाष्पाची निघाली. जमिनीतून आलेल्या क्षारांवर बुरशी सहसा धरत नाही, त्यामुळे काळी बुरशी दिसली की पहिला संशय हवेवर घ्यावा. खात्रीसाठी भिंतीवर फॉइलचा तुकडा चारही कडांनी घट्ट चिकटवून दोन दिवस ठेवला. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले, फॉइलच्या मागे कोरडं. कपाट भिंतीपासून सरकवलं आणि तो विषय मिटला.

ओल तपासायला वापरतात त्या दोन पिनांच्या मीटरबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळा घोळ तिथेच होतो. हा मीटर पाणी मोजत नाही, दोन पिनांमधून वीज किती सहज जाते ते मोजतो, आणि त्याची पट्टी लाकडासाठी आखलेली असते. भिंतीत क्षार असले की जवळजवळ कोरडी वीटसुद्धा लाल आकडा दाखवते. डागाची हद्द खडूने आखायला मी तो वापरतो. त्या आकड्यावरून कुणी रसायन भरायचा सल्ला देऊ लागला, तर त्याला तिथेच थांबवावं.

खरी माहिती भिंतीच्या पोटात असते. जमिनीपासून दीड मीटरपर्यंत ठरावीक अंतरावर, विटांमधल्या दरजेत, ड्रिल अगदी हळू फिरवून नमुने काढले. वेगाने फिरवलं तर पातं तापतं आणि नमुना तिथेच वाळतो. वरचा सेंटिमीटरभर चुरा टाकून द्यायचा, आतला लगेच घट्ट झाकणाच्या बाटलीत. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा पुरतो. नमुना आधी ओला असताना तोलला. मग बंद डब्यात, मिठाच्या संपृक्त द्रावणाच्या वर जाळीवर ठेवला. अशा डब्यातली हवा सुमारे ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिर राहते. वजन बदलायचं थांबलं की दुसरी नोंद. शेवटी भट्टीत १०५ अंशांवर पूर्ण वाळवून तिसरी. (नमुन्यात जिप्सम असेल तर एवढी उष्णता देऊ नका. जिप्समच्या स्फटिकातलंच पाणी निघून जातं आणि आकडा फुगतो.)

पहिल्या आणि तिसऱ्या वजनातला फरक म्हणजे भिंतीत असलेलं पाणी. दुसऱ्या आणि तिसऱ्यातला फरक म्हणजे क्षारांनी नुसत्या हवेतून ओढलेलं पाणी. पहिला फरक दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असेल, तरच पाणी दुसरीकडून कुठून तरी येतंय.

मधल्या भिंतीच्या तळाचा १० ग्रॅम नमुना वाळून ८.७ ग्रॅम भरला, म्हणजे १३ टक्के पाणी. त्यातलं क्षारांच्या वाट्याचं जेमतेम २ टक्के. वर जावं तसं पाणी कमी होत गेलं आणि क्षार वाढत गेले. पिवळ्या कडेपाशी दोन्ही आकडे जवळपास एक झाले. जमिनीतून चढणाऱ्या ओलीची ही खरी खूण. विटेतल्या आणि चुन्यातल्या बारीक छिद्रांमधून पाणी केशाकर्षणाने वर चढतं, आणि छिद्र जितकं बारीक तितकी चढाई उंच. १ मिलिमीटर त्रिज्येच्या नळीत ते सुमारे १५ मिलिमीटर चढेल, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत हिशेबाने दीड मीटर. प्रत्यक्षात चढाई तिथेच थांबते, जिथे खालून येणाऱ्या पाण्याइतकं पाणी भिंतीवरून उडून जातं. उडताना पाणी आपले नायट्रेट आणि क्लोराइड मागे ठेवून जातं, म्हणून क्षारांचा पट्टा सगळ्यात वर. सिमेंटच्या प्लास्टरने पाणी उडण्याची वाट बंद केली की ओल आणखी वर सरकते, ती याच हिशेबाने.

मागच्या भिंतीचा तक्ता वेगळा होता. बाहेरच्या फरशीच्या उंचीपर्यंत पाणी जवळपास सारखंच आणि त्याच्यावर एकदम कमी. शिवाय भोक जितकं खोल, म्हणजे बाहेरच्या अंगाला जितकं जवळ, तितका नमुना ओला. बाहेर खणून पाहिलं तर फरशीवर फरशी चढत अंगण आतल्या जमिनीच्याही वर आलेलं. जोत्यावरचं सिमेंटचं प्लास्टर फोडलं आणि मागे डांबराची काळी रेघ सापडली, जुन्या बांधकामातली डीपीसी, म्हणजे जमिनीची ओल वर चढू न देणारा थर. बोटभर जाड, नखाने दाबून पाहिली तर घट्ट, कुठे चीर नाही. थर शाबूत आहे, माती आणि सिमेंट त्याच्यावरून उडी मारून भिंतीला भिडलंय. या भिंतीत रसायन भरायला एकही भोक पाडायची गरज नाही, याचा मला मनापासून आनंद झाला.

तिथे बाहेरची पातळी डांबराच्या रेघेखाली १५० मिलिमीटर उतरवली, उतार भिंतीपासून लांब दिला, आणि भिंतीलगत खडीचा चर काढून त्याचं पाणी दूर सोडलं. चर पायाच्या तळाहून वरच ठेवायचा. जुना पाया उथळ असतो, त्याच्या बुडाशी खणणं धोक्याचं.

मधली भिंत विटांची आहे, दरजा सरळ, म्हणून तिथे सिलेन-सिलॉक्सेनचं क्रीम भरायचं ठरवलं. आतल्या जमिनीच्या लगेच वरच्या दरजेत १२ मिलिमीटरची भोकं, १२० मिलिमीटर अंतराने, पलीकडची बाजू सुमारे ४० मिलिमीटर उरेल इतकी खोल. भुकटी पूर्ण झटकली, मग नळी तळापर्यंत घालून मागे ओढत भरलं. क्रीम हळूहळू दरजेत पसरतं आणि छिद्रांच्या आतल्या बाजू पाणी झिडकारू लागतात. अनघड दगडांच्या भिंतीत मी हे करणार नाही. तिच्या पोटात भराव आणि पोकळ्या असतात, सलग दरज नसतेच, आणि पाण्याला वळसा घालून जायला भरपूर वाटा मिळतात.

दोन्ही भिंतींचं सिमेंट डागाच्या वर ३०० मिलिमीटरपर्यंत उतरवलं आहे. पडलेला सगळा चुरा पोत्यांत भरून बाहेर नेला, तो क्षारांनी भरलेला असतो. दरजा कोरड्या ब्रशनेच झाडल्या. भिंत धुतली तर क्षार पुन्हा आत जातात. पाणी तोडलं तरी क्षार भिंतीत राहतात, हेही ध्यानात ठेवायला हवं. कॅल्शियम नायट्रेट ५० टक्क्यांच्या आसपासच्या आर्द्रतेतच हवेतून पाणी ओढतं, त्यामुळे जुनं प्लास्टर तसंच ठेवलं तर दमट हवेत डाग परत उमटतात आणि लोकांना वाटतं इलाज फसला.

सध्या काम आहे ते वाट पाहण्याचं. भिंतीची जाडी महिन्याला साधारण २५ मिलिमीटर वाळते, म्हणजे नऊ इंची भिंतीला नऊएक महिने, दोन्ही अंगांनी हवा मिळाली तर थोडे कमी. खिडक्या उघड्या, हीटर बंद. जोराने तापवलं तर क्षार भराभर पृष्ठभागाशी येऊन विटेचे पापुद्रे काढतात. रोज उगवणारा लोणा ब्रशने झाडून सुपलीत गोळा करतो.

पुढचे नमुने जुन्या भोकांच्या शेजारी, त्याच उंचीवर घेणार. तळाचा आकडा क्षारांच्या आकड्याशी येऊन मिळाला की एक भाग चुना आणि तीन भाग वाळूचा गिलावा सुरू करेन, त्यावर चुन्याचाच हात. ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट या भिंतींना लागणार नाही. मधल्या भिंतीच्या वरच्या पट्ट्यात क्षार फार उरलेच, तर आधी ओल्या मातीचा आणि कागदाच्या लगद्याचा लेप लावून ते ओढून घ्यायचा विचार आहे. लेप भिंतीवरच सुकू द्यायचा आणि मग खरवडून फेकायचा. तो कोणी करून पाहिला असेल तर लगद्याचं प्रमाण आणि थराची जाडी जरूर कळवा.