अभिप्राय लिहिताना

मंगळवार, रात्र

वार्षिक गोळीबार सरावाचा आज शेवटचा दिवस होता. रिकाम्या पुंगळ्यांची मोजदाद चारच्या सुमारास आटोपायला हवी होती. परंतु एक पुंगळी गवतात कोठेतरी उडाली होती आणि ती साडेपाचला सापडेपर्यंत चांदमारीवरून कोणालाही हलता आले नाही. नव्या मुलांना हा छळ वाटतो. मला वाटत नाही, कारण ज्या नोकरीत माणसाला शस्त्र देऊन रस्त्यावर पाठवले जाते, त्या नोकरीत एका पुंगळीसाठी तासभर वाकून गवत चाचपायची सवय असलेली बरी.

माझे लक्ष मात्र आज पुंगळ्यांत नव्हते. उपनिरीक्षक व त्यावरील अधिकाऱ्यांनी पिस्तुलासाठी कर्तव्यावर कोणत्या प्रकारचे काडतूस बाळगावे, याबाबत शस्त्रागाराचा अभिप्राय शुक्रवारपर्यंत सादर करावा, असे पत्र सकाळीच वरून आले आहे. शस्त्रागारात माझी बावीस वर्षे गेली. या काळात जे आले ते मोजून घेतले, कोरड्या जागी ठेवले, जुने आधी खर्ची घातले. कोणते यावे, हे मला कोणी विचारले नव्हते. आमच्याकडे पिस्तुलाचे काडतूस म्हणजे ९ एमएम बॉल, म्हणजे अखंड कवचाची साधी गोळी, एवढे सर्वांना पाठ असते आणि त्यापुढे प्रश्न संपतो.

सर्व जण गेल्यावर मातीच्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी उगाच पायाने उकरले, तर तीन गोळ्या हाती लागल्या. अंगावर नळीच्या आट्यांचे तिरपे ओरखडे, नाकाशी किंचित चेपलेली बाजू, बाकी तांब्याचे आवरण जसेच्या तसे; पुसून पुन्हा पुंगळीत बसवावी अशी त्यांतली एक होती. शिशाच्या गाभ्याभोवती तांब्याचे अखंड कवच घातलेली ही गोळी मुळात मोडू नये, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या कप्प्यात शिरताना अडखळू नये, म्हणूनच गोलसर नाकाची केलेली असते आणि त्या कामात ती उत्तम आहे. परंतु जी गोळी मातीत आपला आकार सोडत नाही, ती माणसाच्या शरीरात तरी कशाला सोडील? प्रयोगशाळेत शरीराच्या जागी वापरतात त्या जिलेटिनच्या ठोकळ्यात ही गोळी दोन फुटांच्याही पुढे जाते. माणसाची छाती दोन फूट जाड नसते. उरलेला प्रवास ती बाहेर करते, आणि आमच्या गावात बाहेर म्हणजे एसटी स्थानक, भाजी मंडई, शाळा सुटल्यावरची गर्दी.

बुधवार

दुपारी जुनी टाचणे काढून बसलो. या विषयावर जगात जो काही पद्धतशीर विचार झाला, त्याची सुरुवात बहुतेक वेळा एकाच दिवसापासून सांगतात. ११ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेतल्या मायामीत एफबीआय या तिथल्या केंद्रीय तपास संस्थेचे आठ जण बँका आणि रोकड नेणाऱ्या गाड्या लुटणाऱ्या दोघांना भिडले. त्या दोन लुटारूंपैकी एक, प्लॅट, गाडीतून बाहेर पडत असताना जेरी डव्ह या एजंटाची ९ एमएमची पोकळ टोकाची, म्हणजे नाकात भोक असलेली आणि शरीरात शिरल्यावर उमलून रुंदावणारी, गोळी त्याच्या उजव्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली आणि हृदयाच्या अलीकडेच थांबली. जखम जीवघेणी होती. परंतु तिने जीव घेण्याआधी प्लॅट रायफल चालवतच राहिला आणि त्याने डव्ह व दुसरा एजंट ग्रोगन या दोघांना ठार केले. इतर पाच एजंट जखमी झाले.

त्यानंतर दोष गोळीच्या माथी मारण्यात आला. मला हे पूर्णपणे पटत नाही. लवकर उमलावी आणि फार खोल जाऊ नये, ही त्या काळची अपेक्षा होती आणि गोळीने ती पाळली. दंड ओलांडून मग छातीत शिरायची वेळ येईल, हे अपेक्षा लिहिणाऱ्यांनी धरले नव्हते. समोरचा माणूस चित्रातल्यासारखा छाती पुढे करून उभा राहत नाही. तो वाकतो, वळतो, हात आडवा धरतो. आमच्या चांदमारीवरच्या पुठ्ठ्याच्या माणसाला हात पुढे करायची सोय नाही, म्हणून तेथे ही गोष्ट कधीच कळत नाही.

पुढे १९८७ साली एफबीआयने जखमांचा अभ्यास करणारे डॉक्टर आणि शस्त्रतज्ज्ञ एकत्र बसवले आणि १९८९ मध्ये एफबीआयच्याच युरे पॅट्रिक यांचे टिपण निघाले. त्यातला मुद्दा साधा होता. पिस्तुलाची गोळी धक्क्याने माणसाला पाडत नाही. ती जेवढ्या शरीरातून जाते आणि जेथून जाते, तेवढेच तिचे काम. म्हणून किमान १२ इंच शिरली पाहिजे आणि १८ इंचांच्या पुढे जाण्याची गरज नाही. ही मोजणी ज्या ठोकळ्यात करतात त्यात १० टक्के जिलेटिन आणि उरलेले पाणी असते; तो ४ अंश सेल्सिअसला थंड ठेवतात, आणि आधी एक छोटा पोलादी छर्रा ठरावीक वेगाने मारून तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो की नाही हे बघतात. छर्रा फार पुढे गेला वा फार अलीकडे थांबला, तर त्या ठोकळ्यावरची मोजणी धरत नाहीत. आमच्या तराजूच्या वजनांवर वैधमापनाचा शिक्का बघणारा माणूस मी. हा छर्रा मला फार आवडला.

एवढ्यावर ते थांबले नाहीत. ठोकळ्यापुढे जाड कपडे, पत्रा, जिप्समचा तक्ता, प्लायवूड आणि तिरकी धरलेली मोटारीची पुढची काच ठेवून प्रत्येक प्रकारात गोळ्या झाडल्या. पोकळ टोकाच्या गोळीचे वैगुण्य कपड्यांनीच उघडे पाडले. तिच्या नाकातल्या भोकात शरीरातला द्रव दाटला की त्याच्या दाबाने आवरणाच्या पाकळ्या मागे वळतात आणि नऊ मिलिमीटरची गोळी सुमारे पंधरापर्यंत रुंदावते. मात्र त्या भोकात आधीच डेनिमचा बोळा बसला, तर ती उमलतच नाही आणि साध्या बॉलसारखी सरळ निघून जाते. आजच्या चांगल्या गोळ्या हा दोष बऱ्याच अंशी टाळतात.

मायामीनंतर त्यांनी मोठी, १० एमएमची गोळी घेतली. तिचा झटका अनेकांच्या मनगटाला झेपेना, म्हणून तिचा भार हलका करावा लागला. १९९० मध्ये त्यापेक्षा आखूड .४० कॅलिबरचे (इंचाच्या सुमारे चार दशांश व्यासाचे) काडतूस आले, पोलिसांत गाजले, आणि अखेर २०१४-१५ च्या सुमारास एफबीआय पुन्हा ९ एमएमवर आली, कारण तोवर ९ एमएमच्या गोळ्या सुधारल्या होत्या, मॅगझीनमध्ये जास्त मावत होत्या आणि झटका कमी असल्याने नेम चांगला लागत होता. त्यांच्याच टिपणात एक वाक्य असे होते की, प्रत्यक्ष चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात. बाकी सगळे वाचून झाल्यावर मी या वाक्यापाशी परत आलो.

गुरुवार

न्यूयॉर्कचे उदाहरण आमच्या अधिक जवळचे आहे, कारण तो प्रश्न गर्दीचा होता. तेथील पोलिसांनी १९९३ मध्ये रिव्हॉल्व्हर सोडून ९ एमएमची पिस्तुले घ्यायला सुरुवात केली, तीही आमच्यासारख्या अखंड कवचाच्या गोळ्यांसह. १९९५ आणि १९९६ या दोन वर्षांत अशा गोळ्यांनी १५ वाटसरू जखमी झाले. त्यांतल्या ८ जणांना गोळी थेट लागली, परंतु ५ जणांना दुसऱ्या कोणाच्या तरी शरीरातून आरपार आलेली आणि दोघांना एखाद्या वस्तूतून आलेली गोळी लागली. १९९८ मध्ये आयुक्त हॉवर्ड सफीर यांच्या काळात पोकळ टोकाच्या गोळ्यांचा निर्णय झाला. तेथेही ओरड झाली, की पोलीस अधिक घातक गोळ्या वापरणार. ओरड करणारे चुकीचे नव्हते. ज्याला ती लागते त्याची जखम अधिक रुंद असते, हे खरेच आहे. आणि ज्याला लागते तो त्या क्षणी आरोपीदेखील नसतो, संशयित असतो. परंतु ते पाच जण तर संशयितही नव्हते.

अभिप्रायाच्या टिपणीत एक शब्द मी तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला: दमदम. कोलकात्याजवळच्या दमदमच्या शस्त्रागारात १८९० च्या दशकात इंग्रजांनी सरहद्दीवरच्या लढायांसाठी .३०३ रायफलची टोक उघडे ठेवलेली गोळी बनवली आणि तिच्यावरून सगळ्या जगाने उमलणाऱ्या गोळीला आमच्या देशातल्या एका गावाचे नाव दिले. १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात सहज पसरणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. ती घोषणा राष्ट्रांमधल्या युद्धापुरती आहे, पोलिसांच्या कामाला ती लागू नाही, हे कायद्याच्या भाषेत सांगता येते. वाचणाऱ्याच्या मनात मात्र प्रश्न उरतोच की, शत्रूच्या सैनिकाला जे मारायचे नाही, ते आपल्या नागरिकाला का मारायचे? माझ्यापुरते उत्तर असे की, रणांगणावर जखमी सैनिकाच्या मागे दुसरा सैनिक असतो आणि मंडईत संशयिताच्या मागे भाजीवाली असते. हे उत्तर मला पुरते समाधान देत नाही. पण यापेक्षा बरे मला सापडले नाही, म्हणून हेच लिहिले, आणि दमदमचे नाव चौथ्यांदा लिहून तसेच ठेवले. लपवले तर उद्या कोणीतरी ते काढीलच.

संध्याकाळी एक तरुण उपनिरीक्षक बाई पिस्तूल जमा करायला आल्या. त्यांचे मॅगझीन रिकामे करताना सवयीने सगळी काडतुसे टेबलावर उभी ओळीने लावली, तर एक काडतूस बुटके दिसले. बारीक माप घ्यायचे व्हर्नियर लावले. इतरांपेक्षा जवळपास एक मिलिमीटर आखूड. रोज ड्यूटी संपल्यावर चेंबरमधले काडतूस बाहेर काढायचे, दुसऱ्या दिवशी तेच वरचे पुन्हा आत सारायचे. प्रत्येक वेळी नाक चेंबरकडे नेणाऱ्या उताराच्या कडेवर आपटते आणि गोळी पुंगळीत कणाकणाने मागे सरकते. आतली जागा कमी झाली की दाब वाढतो, आणि पिस्तुलाला इजा होऊ शकते. मी म्हटले, “बाई, हे चालवायचे नाही, बाजूला ठेवा.” त्या म्हणाल्या, “सर, मग रोज वरचे काडतूस बदलायचे, एवढेच ना?” एवढेच. पण हे त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते, आणि तो कोणी म्हणजे मीच.

रात्री उरलेली मॅगझीन तपासली. असली आणखी तीन निघाली.

शुक्रवार, पहाटे

अभिप्राय पूर्ण झाला. नागरी भागात बाळगण्यासाठी पोकळ टोकाचे ९ एमएम काडतूस घ्यावे, असे मी लिहिले आहे. मोठे कॅलिबर नको, कारण सरावाला आधीच काडतुसे कमी पडतात आणि झटका वाढला की नेम आणखी बिघडेल. परंतु त्याच्याआधी दोन अटी घातल्या आहेत. पहिली, आमची बरीच पिस्तुले गोल नाकाच्या गोळीसाठी बनवलेली आहेत आणि त्यांतली काही रुंद तोंडाची गोळी चेंबरपर्यंत नेताना अडतील. तेव्हा ज्या पिस्तुलाने त्या काडतुसाच्या किमान २०० फेऱ्या न अडखळता झाडल्या, तेवढ्यालाच ते द्यावे. न सुटणाऱ्या उत्तम गोळीपेक्षा सुटणारी साधी गोळी बरी, हे मी टिपणीच्या भाषेत लिहिलेले नाही, पण अर्थ तोच आहे. दुसरी अट पैशांची. नव्या काडतुसावर जो जादा खर्च येईल, तो सरावाच्या काडतुसांच्या तरतुदीतून काढू नये. काढायची वेळ आली, तर नवे काडतूस घेऊच नये आणि बॉलवरच सराव दुप्पट करावा. ही ओळ लिहिल्यावर मी बराच वेळ थांबलो, कारण आठ ओळी वर ज्या काडतुसाची मी शिफारस केली, तेच येथे मागे घेत होतो. तरी ती राहू दिली. गोळी माणसात थांबते की मागच्याला लागते हा प्रश्न मुळात ती त्या माणसाला लागली तरच येतो.

न्यूयॉर्कचे ते आठ जण मी टिपणीत वेगळे मांडले आहेत. त्यांना काडतूस बदलून काहीही फरक पडला नसता.

आखूड झालेली चार काडतुसे औषधाच्या डबीत कापूस घालून ठेवली आहेत. दहा वाजता कार्यालय उघडले की टिपणी टंकलेखनाला जाईल, आणि त्याआधी या चारांची नोंद निकामी काडतुसांच्या नोंदवहीत करून तिच्यावर त्या उपनिरीक्षक बाईंची आणि माझी सही घ्यायची आहे.