कापलं किती, त्याचेच पैसे

ग्राहक मार्गदर्शन केंद्रात मॉड्युलर किचनच्या ज्या तक्रारी मी हाताळते, त्यातल्या बहुतेकांना दुकानातून एकच उत्तर मिळालेलं असतं : "ऑर्डर कस्टम आहे, अ‍ॅडव्हान्स परत मिळणार नाही." कल्याणच्या एका जोडप्याच्या पावतीवर तर हे वाक्य तळाशी छापलेलंच होतं. किचनची किंमत २,८०,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण ३,३०,४००. त्यातली निम्मी रक्कम, म्हणजे १,६५,२००, आगाऊ भरलेली. पुढे नवऱ्याची नागपूरला बदली झाली, फ्लॅट भाड्याने द्यायचं ठरलं आणि त्यांनी ऑर्डर रद्द केली. दुकानदाराची त्यात काही चूक नव्हती.

अशी ऑर्डर अमुक दिवसांत बिनशर्त रद्द करता येते असा हक्क आपल्या कायद्यात नाही, हे मी त्या बाईंना आधीच स्पष्ट सांगितलं. करार तुम्ही मोडलाय, तर दुकानदाराचं झालेलं नुकसान भरून द्यावं लागेल. पण नुकसान झालेलंच. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती कमाल मर्यादा असते, मिळते ती वाजवी भरपाई. कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या २०१५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय की नुकसान झालंच नसेल तर या कलमाखाली भरपाईही नाही. शिवाय कलम ७३ च्या स्पष्टीकरणाप्रमाणे, नुकसान कमी करण्याचे जे मार्ग हाताशी होते तेही हिशेबात धरावे लागतात.

म्हणजे भांडण 'परत मिळतं की नाही' याचं नसतं. ऑर्डर रद्द झाल्याचं कळलं त्या क्षणी काय कापून झालं होतं, एवढाच प्रश्न असतो. त्या बाईंनी एक गोष्ट फार चांगली केली होती. फोनवर बोलणं झाल्यावर लगेच, शुक्रवारी सकाळी, त्यांनी व्हॉट्सअ‍ॅप आणि ईमेल दोन्हीवर लिहून टाकलं : "ऑर्डर रद्द करत आहोत, पुढचं काम थांबवा, आतापर्यंतचा खर्च बिलांसह कळवा." वेळ नोंदलेला हा संदेश नसता तर पुढचं काहीच जमलं नसतं.

दुकानदाराकडे आम्ही लेखी चार कागद मागितले : ग्राहकाची सही असलेलं अंतिम ड्रॉइंग, कटिंग लिस्ट, या ऑर्डरसाठी घेतलेल्या मालाची खरेदी बिलं आणि आगाऊ रकमेची पावती. त्याचं म्हणणं होतं की अख्खं किचन कापून झालंय. मग माल दाखवा, असं म्हटल्यावर आम्ही भिवंडीतल्या त्याच्या कारखान्यात गेलो.

ड्रॉइंगपेक्षा जास्त माहिती तिथल्या लेबलांनी दिली. पॅनेल सॉवर बोर्ड कापला की प्रत्येक तुकड्यावर स्टिकर लागतो. या कारखान्यात त्यावर ऑर्डर क्रमांक, माप, कडापट्टी कुठल्या बाजूला लावायची ते आणि स्टिकर छापल्याची तारीख असे. खालच्या कपाटांच्या बाजू आणि तळ गुरुवारी कापलेले. १८ मिमी बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणाऱ्या, प्लायचे चार बोर्ड त्यात गेले होते. वरच्या कपाटांच्या ढिगावर मात्र तारीख होती पुढच्या सोमवारची. म्हणजे रद्द केल्याचा संदेश पोचल्यानंतर आणखी तीन बोर्ड कापले गेले होते. त्यांचा खर्च ग्राहकाच्या माथी मारता येत नाही. सुपरवायझरनेच तारखा वाचून दाखवल्या. दुकान आणि कारखाना यांच्यात निरोप पोचला नव्हता, हे उघड होतं.

बिजागऱ्या, सॉफ्ट-क्लोज चॅनेल, ड्रॉवरचे तयार टँडम बॉक्स सगळं सीलबंद खोक्यांत. ते कुठल्याही किचनला लागतं, नुकसान शून्य. शटरसाठी मागवलेले अ‍ॅक्रिलिक शीट अखंड होते, पण रंग ग्राहकाने कॅटलॉगमधून निवडलेला आणि वितरक माल परत घेत नव्हता. हे नुकसान खरं होतं.

हिशेब तिथेच कागदावर मांडला. चार बोर्ड, प्रत्येकी ३२ चौरस फूट, फुटाला ११० रुपये, म्हणजे १४,०८०. अ‍ॅक्रिलिक शीट २१,४००. दोन्ही किमती जीएसटी सोडून धरल्या, कारण माल दुकानदाराच्या धंद्यातच राहणार होता आणि त्यावरच्या कराचं इनपुट क्रेडिट त्याला मिळतं, म्हणजे खरेदीवर भरलेला कर विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. मग आम्ही सांगितलं, पूर्ण किंमत कापणार असाल तर माल ग्राहकाचा, टेम्पो पाठवून उचलून नेतो. यावर बोलणं बदललं. ७२० मिमी उंच, ५६० मिमी खोल आणि ४५० किंवा ६०० मिमी रुंद कपाटांचे तुकडे पुढच्या ऑर्डरमध्ये सहज खपतात, हे त्याला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. माल त्याने ठेवला आणि निम्मी किंमत लावली : प्लायचे ७,०४०, शीटचे १०,७००. कटिंग आणि कडापट्टीची मजुरी ६,०००, मापं व डिझाइन ८,०००, हे दोन्ही आम्ही पूर्ण मान्य केलं. ते काम झालेलं होतं आणि त्याचे पैसे मिळायलाच हवेत. एकूण कपात ३१,७४०. परतावा १,३३,४६०.

"जीएसटी भरून टाकलाय, तो कसा देऊ?" हा आक्षेप शेवटी आलाच. माल पुरवला नसेल आणि टॅक्स इनव्हॉइस काढलं नसेल, तर घेतलेल्या आगाऊ रकमेसाठी रिफंड व्हाउचर, म्हणजे ती परत केल्याचा कागद, देण्याची सोय केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३१ मध्येच आहे आणि तो कर विवरणपत्रात जुळवून घेता येतो. त्याच्या सीएला फोन लावला, दोन मिनिटांत विषय मिटला.

तडजोड झाली नसती तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आणि मग ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली असती. मोबदला, म्हणजे मालासाठी किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे फी नाही, ग्राहक राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि मुदत दोन वर्षांची असते. एक गोष्ट वकील नसलेल्यांच्या हमखास नजरेतून सुटते. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणारी करारातली अट २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' ठरू शकते, पण त्या मुद्द्यावरची तक्रार राज्य आयोगापुढे जाते. जिल्हा आयोगात जायचं तर तक्रारीचा मसुदा सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा यांवर उभा करावा लागतो.

दुकानदार पुढच्या तारखेचा चेक देत होता. आम्ही निम्मी रक्कम त्याच दिवशी एनईएफटीने मागितली, ती आली. उरलेल्यासाठी चेक घेतला. तो वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत चेक देणाऱ्याला नोटीस द्यावी लागते, हे बाईंना लिहूनच दिलं. "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली" या पत्रावर त्यांनी सही केली ती चेकचे पैसे खात्यात जमा झाल्यावर.