डाव्या खांद्याची सिंगल-शॉट रायफल

सांगली, १८ जून

मृग निम्मा सरला. हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून कपाटात गेली की खरेदीचा विचार शांतपणे करायला हेच दिवस बरे. डावखुऱ्या माणसाला आपल्याकडे हमखास मिळणारा सल्ला असतो, "सिंगल-शॉट घे (एका वेळी एकच काडतूस भरायची रायफल), तिला डावं-उजवं नसतं." हे निम्मंच खरं आहे. काडतूस बंद करणारी यंत्रणा दोन्ही हातांना सारखी असते, हे कबूल. पण खांद्याला लागणारा दस्ता, चाप अडवणारी सेफ्टी, काडतुसावर ठोका देणारा घोडा आणि उडालेल्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर टाकणारा एजेक्टर बहुतेक वेळा उजव्या माणसाला समोर ठेवूनच बसवलेले असतात. पैसे मोजण्याआधी नेमके हेच चार भाग बघायचे राहून जातात.

आणि त्याही आधी डोळा. हात डावा असला तरी डोळा डावाच जोरकस असेल असं नाही. दोन्ही हात लांब करून पंजांमध्ये छोटी त्रिकोणी खिडकी करायची, तिच्यातून विजेच्या खांबावरचा चिनी मातीचा इन्सुलेटर बघायचा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. जो डोळा उघडा असताना इन्सुलेटर खिडकीतच राहतो, तो जोरकस. डावखुऱ्याचा उजवा डोळा जोरकस निघाला आणि तो अजून शिकाऊ असेल, तर त्याने उजव्या खांद्यावरच शिकावं असं माझं स्पष्ट मत आहे. डोळा आणि खांदा एका बाजूला आले तरच पुढच्या सगळ्या मापांना अर्थ.

बोल्ट रायफलीचा, म्हणजे दांडा मागे-पुढे ओढून भरायच्या रायफलीचा, त्रास काय, ते आधी बघू, म्हणजे सिंगल-शॉटचं महत्त्व कळेल. आपल्याकडच्या परवान्यांवर सर्रास दिसणारी रायफल म्हणजे ईशापूरच्या सरकारी कारखान्याची .३१५. तिचा बोल्ट उजवीकडे, पुंगळी बाहेर पडायची खिडकीही उजवीकडे. डाव्या खांद्यावर घेतली की ही खिडकी तोंडाच्या बाजूला येते. बोल्ट ओढायला एक तर डावा हात वरून पलीकडे न्यावा लागतो, नाहीतर पुढचा आधाराचा हात सोडावा लागतो. एवढं सवयीने जमतं. पण काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी कॅप फाटली किंवा पुंगळी बुडाशी चिरली, तर गरम वायू वाट मिळेल तिकडून बाहेर पडतो आणि त्या बाजूला डावखुऱ्याचा चेहरा असतो. चष्म्याशिवाय अशी रायफल डाव्या खांद्याला लावूच नये.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासायच्या, बंदुकीत हाच धोका आणखी जवळ येतो. दारू पेटवणारी वाटाण्याएवढी टोपी उजव्या बाजूच्या निपलवर बसते, घोडाही तिकडेच. उजव्या माणसाची टोपी पलीकडे फुटते, डाव्याची डोळ्यापासून वीतभर अंतरावर. टोपीचे तांब्याचे कण उडतात. शिराळा-पाटण पट्ट्यात पीकसंरक्षणासाठी ठेवलेल्या जुन्या ठासण्या अजून घराघरांत आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहून ठेवतो.

आता खरा विषय. सिंगल-शॉटमध्ये तीन घराणी लक्षात ठेवावीत.

पहिलं फॉलिंग ब्लॉक. लिव्हर खाली ओढली की पोलादी ठोकळा उभ्या खाचेतून खाली उतरतो आणि नळीचं तोंड उघडं पडतं. रुगर नंबर १ ही १९६७ च्या सुमाराची याच घराण्यातली. तिची सेफ्टी दस्त्याच्या मानेवर, बरोबर मध्यावर आहे. कुठलाही अंगठा सारखाच पोचतो. पुंगळी बाजूला न जाता सरळ मागे येते. लिव्हर झटक्यात ओढली तर ती तोंडाच्या दिशेने उडते, म्हणून फोरएन्ड, म्हणजे नळीखालचं लाकूड, काढून एजेक्टरच्या स्प्रिंगचा ताण सोडून घ्यावा. मग पुंगळी नुसती बाहेर सरकते आणि बोटांनी काढता येते. जॉन ब्राउनिंगच्या रचनेवरची विंचेस्टर १८८५ हाय वॉल याच जातीची, पण तिचा घोडा बाहेर असतो. तिच्या आधुनिक आवृत्तीत पुंगळी वळवणारा एक छोटा तुकडा असतो. तो फिरवून पुंगळी डावीकडे टाकायची, उजवीकडे टाकायची की आतच थोपवायची, ते ठरवता येतं. दुकानात तो बहुधा उजवीकडे लावलेला असतो आणि घेणाऱ्याला तो फिरतो हे कुणी सांगत नाही.

या घराण्यात त्रास आहे तो दुर्बिणीचा. काडतूस वरून भरायचं आणि दुर्बीणही वरच. ठेंगण्या माउंटवर (दुर्बीण धरणाऱ्या पकडीवर) बसवली तर बोटं शिरत नाहीत, उंच बसवली तर गाल दस्त्यावरून सुटतो. रुगरवर माउंट नळीवरच्या पट्टीवर बसतात, त्यामुळे दुर्बीण पुढे राहते. डोळ्याचं अंतर जास्त असलेलीच दुर्बीण निवडावी, नाहीतर मान पुढे ताणूनच नेम धरावा लागतो.

दुसरं घराणं मार्टिनीचं. १८७१ मध्ये ब्रिटिश फौजेत आलेल्या मार्टिनी-हेन्रीत ठोकळा मागच्या खिळीवर झुलतो, बाहेर घोडा नाही, हातांना पूर्ण सारखी. फक्त आतली स्प्रिंग चढल्याची खूण दाखवणारा छोटा काटा उजव्या अंगाला असतो. डाव्या खांद्यावरून तो दिसत नाही. नेमबाजीच्या बीएसए मार्टिनी .२२ आजही डावखुऱ्यांनी शोधाव्यात अशा आहेत. .३०३ मध्ये बदललेल्या मार्टिनीच्या नादी मात्र लागू नये. ते आपल्याकडे प्रतिबंधित बोअर आहे, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणारं.

तिसरं, मधून मोडणाऱ्या रायफली. एकनळी १२ बोअर आपण सगळे ओळखतो, तीच पद्धत. ब्लेझर के-९५ मध्ये मानेवरचा एक सरकता तुकडा पुढे ढकलला की स्प्रिंग चढते, तोवर रायफल थंड. डावखुऱ्यासाठी याहून सरळ रचना मला माहीत नाही. घोडा बाहेर असलेल्या स्वस्त रायफलींत घोड्याला लावायची आडवी कांडी मिळते. दुर्बिणीखालून घोडा चढवताना ती हवीच, आणि ती डावीकडे लावून घ्यायची. उजवीकडेच राहिली तर डावा अंगठा वाकडा होऊन निसटतो. ट्रान्सफर बार (चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी) नसलेल्या जुन्या बंदुकीत असा निसटलेला घोडा जिवावर बेतू शकतो.

यंत्रणा ठरली की दस्ता, आणि माझ्या मते निम्मी रायफल हीच. उजव्या माणसासाठी केलेला दस्ता नळीच्या रेषेतून तीन ते सहा मिलिमीटर उजवीकडे कललेला असतो आणि गालपट्टी डाव्या अंगाला असते. डावखुरा गाल टेकवतो उजव्या अंगाला. त्यामुळे डोळा नेमाच्या रेषेच्या उजवीकडे राहतो, आणि तो जुळवायला माणूस नकळत रायफल तिरपी करतो. रायफल ज्या बाजूला कलते त्या बाजूला आणि किंचित खाली गोळी जाते. अंतर वाढेल तशी चूकही वाढते. शिवाय धक्क्याला दस्त्याची कड गालफडावर बसते. दोन-चार फैरींनंतर माणूस झटक्याला घाबरायला लागतो आणि दोष मात्र काडतुसाला देतो.

तपासायची रीत सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करायची. सुरक्षित दिशेला तोंड करून, डोळे मिटून ती डाव्या खांद्याला लावायची, गाल सहज टेकवायचा आणि मग डोळे उघडायचे. दुर्बिणीत पूर्ण गोल दिसला तर दस्ता आपला. एका बाजूला काळी चंद्रकोर दिसली तर दस्ता सरळ किंवा डावा हवा. लांबी मोजायची ती चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत. मध्यम बांध्याच्या माणसाला साडेतेरा ते चौदा इंच ठीक बसते. जाड जर्किन घालणाऱ्याने अर्धा इंच कमी धरावा.

उजवा दस्ता वाकवून डावा करून देतो, असं सांगणारे कारागीर भेटतात. दोन बाजूच्या पट्ट्यांत धरलेल्या बंदुकीच्या बारीक मानेला गरम तेल देऊन वाक देता येतो. ज्या रायफलीत दस्ता आतून जाणाऱ्या लांब बोल्टने आवळलेला असतो, तिथे मात्र भोकच वाकतं आणि बोल्ट अडकतो. अशा वेळी वाकवण्यापेक्षा दस्त्याच्या टोकाचं रबरी पॅड दोन-तीन मिलिमीटर डावीकडे सरकवून बसवणं बरं.

आपल्या हवेचाही विचार करायला हवा. कोयना-महाबळेश्वरच्या पावसात दोन तुकड्यांचा लाकडी दस्ता पाणी पितो. फोरएन्ड फुगून नळीला टेकतो आणि उन्हाळ्यात बसवलेला नेम ऑगस्टमध्ये हलतो. लाकडाच्या आतल्या कच्च्या बाजूलाही तेल पाजावं, आणि फोरएन्डचा स्क्रू दर वेळी तेवढ्याच ताणावर आवळावा. नळी आणि लाकूड यांच्यामधून कागद न अडकता सरकला पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात. शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. उसातल्या रानडुकरांसाठीसुद्धा वनविभागाची लेखी परवानगी लागते, नुसता शस्त्रपरवाना पुरत नाही. चांदोली-कोयनेच्या व्याघ्र प्रकल्पात तर विषयच नाही. सामान्य परवानाधारकाला परदेशातून हत्यार मागवण्याची वाट १९८० च्या दशकातच बंद झाली, म्हणून रुगर किंवा हाय वॉल मिळाली तर ती जुन्या परवान्यावरूनच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा न बसणाऱ्या रायफलीला एक जागा देणं महाग पडतं.

जुनी रायफल बघायला जाताना स्नॅप कॅप, म्हणजे दारू नसलेलं सरावाचं काडतूस, सोबत न्यावी. लिव्हर बंद असताना ती बाजूला हलवून बघायची. खडखडली तर खिळी झिजली आहे. हेडस्पेस, म्हणजे काडतुसामागची फट, मोजणाऱ्या गेजने रायफल परवानाधारक बंदूकसाजाकडूनच तपासून घ्यायची. चाप दीड किलोच्या आसपास सुटावा, त्याहून फार हलका असेल तर आत कुणीतरी कानस चालवलेली असते. शेवटी नळीवरचा आणि बॉडीवरचा नंबर विकणाऱ्याच्या परवान्याशी जुळवायचा. एक आकडा वेगळा असला तरी ती रायफल तिथेच ठेवून यायचं.