पुढचा त्रिकोण : कार्बनची फुल-सस्पेन्शन सायकल घरी घडवताना

माझ्या डोंगरी सायकलीचा मागचा त्रिकोण, म्हणजे फ्रेमचा मागचे चाक धरणारा भाग, २०१४ सालचा, अॅल्युमिनियमचा आणि कारखान्यात झालेला आहे. पुढचा त्रिकोण, म्हणजे हँडल, सीट आणि पेडल यांना जोडणारा भाग, कार्बनचा असून तो आमच्या कोथरूडच्या घराच्या गच्चीवरील खोलीत मी स्वतः केला आहे. असा जोड लावण्याची हौस मला मुळात नव्हती. हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या नळीच्या) खालच्या वेल्डिंगला लागून डाउन ट्यूबला (तिथून पेडलकडे उतरणाऱ्या नळीला) नखाएवढी भेग दिसली, ते मॉडेल बंद झालेले असल्याने सुटी फ्रेम मिळेना, आणि मागचा त्रिकोण, रॉकर (मागच्या चाकाची हालचाल शॉकपर्यंत नेणारा दुवा), चाके, फोर्क हे सगळे मात्र अजून चार-पाच वर्षे सहज टिकेल अशा स्थितीत होते. अॅल्युमिनियमच्या नळ्या वेल्ड करून घ्याव्यात, तर ६०६१ जातीचा धातू वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळ मऊ पडतो आणि त्याला पुन्हा ताकद आणण्यासाठी सबंध फ्रेमवर उष्णता-प्रक्रिया करावी लागते, जी घरी होणे शक्य नाही. कार्बनच्या नळ्या मात्र वजनकाटा, कात्री, ब्रश आणि धीर एवढ्यावर जोडता येतात. कार्बन निवडण्यामागे हे कारण होते. वजनाचा विचार फारसा नव्हता.

काम सुरू करण्याआधी जुन्या फ्रेमवरचे तीन बिंदू टिपून घेतले : मुख्य पिव्हट (मागचा त्रिकोण ज्यावर फिरतो तो सांधा), रॉकरचा पिव्हट आणि शॉकचे, म्हणजे धक्के शोषणाऱ्या भागाचे, पुढचे टोक. या तीन बिंदूंचे परस्परांतील अंतर जसेच्या तसे राहिले तर मागचे चाक पूर्वीसारखेच वरखाली होईल, बाकीची भूमिती मग हवी तशी बदलता येते. म्हणून मी हेड ट्यूबचा कोन ६७ अंशांवरून ६५.५ वर आणला, सीट ट्यूब ७३.५ वरून ७६ अंशांवर उभी केली आणि रीच (पेडलांच्या मध्यापासून हेड ट्यूबपर्यंतचे आडवे अंतर) ४१० वरून ४५५ मिलीमीटर केला. एक बदल मात्र या बिंदूंमध्येही करावा लागला. जुना शॉक २०० मिलीमीटर लांबीचा आणि ५७ मिलीमीटर स्ट्रोकचा (म्हणजे तेवढा दबणारा) होता, त्याची सीले गेली होती. नवा घेतला तो २१० बाय ५५ मापाचा. त्यामुळे शॉकचे पुढचे टोक त्याच रेषेत १० मिलीमीटर पुढे सरकवले. पूर्वी ५७ मिलीमीटरच्या स्ट्रोकवर चाकाला १५० मिलीमीटरची चाल मिळत असे, म्हणजे गुणोत्तर सुमारे २.६३; त्या हिशेबाने नव्या शॉकवर चाल १४५ मिलीमीटर आली, आणि ती मला पुरेशी वाटली. हे सर्व फ्रीकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून, एकास एक प्रमाणात छापून, तो कागद प्लायवूडवर डकवला आणि त्यावर अॅल्युमिनियमच्या चौरस पट्ट्यांचा जिग, म्हणजे नळ्या जागेवर धरणारा सांगाडा, बांधला.

नळ्या तयार मिळाल्या, त्यांची तोंडे एकमेकींवर बसतील अशी अर्धगोल घासणे हे दोन रविवारांचे काम होते. ते पाण्याखाली आणि मास्क लावून करावे. कार्बनची धूळ घशात आणि कातडीत अशी शिरते की दोन दिवस हात खाजत राहतात. मग नळ्या जिगमध्ये अडकवून सांधे आधी घट्ट केलेल्या एपॉक्सीने नुसते टाचून घ्यायचे, कोपऱ्यांत त्याच लगद्याचा गोलसर भराव द्यायचा, म्हणजे वरून येणारे कापड काटकोनात मोडत नाही, आणि त्यावर २०० ग्रॅम वजनाच्या कापडाचे थर चढवायचे. नळीच्या लांबीत जाणारे धागे वाकण्याला विरोध करतात, ४५ अंशांत तिरपे जाणारे पिळाला विरोध करतात; हेड ट्यूबच्या सांध्याला पीळ जास्त बसतो म्हणून तिथल्या बारा थरांपैकी सात मी तिरपे ठेवले. हाताने लावलेला असा प्रत्येक थर साधारण पाव मिलीमीटर जाडीचा होतो. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दहा-बारा मिलीमीटर पुढे संपवायचा, नाहीतर सगळे थर एकाच रेषेत संपतात आणि नळी पुढे नेमकी त्या रेषेवर मोडते. शेवटी पील प्लायचे (नंतर सोलून काढायचे) कापड आणि त्यावर विजेच्या कामाची काळी टेप, चिकट बाजू बाहेर ठेवून, शक्य तितकी ओढून गुंडाळायची आणि सुईने तिला सर्वत्र भोके पाडायची. भोकांमधून जास्तीचे रेझिन थेंबाथेंबाने वर येऊ लागले की दाब बरोबर बसला असे समजावे.

एपॉक्सीने मला दोनदा धडा दिला. माझे रेझिन आणि हार्डनर वजनाने १०० ला ३० या प्रमाणात मिसळायचे होते आणि डब्यावर अर्ध्या तासाची मुदत लिहिली होती. ती २५ अंश तापमानाची आहे हे मी वाचले होते, मनावर घेतले नव्हते. एप्रिलच्या दुपारी खोलीत ३७ अंश असताना मी दीडशे ग्रॅमचे मिश्रण एकाच प्लास्टिकच्या मगमध्ये केले. बाराव्या मिनिटाला ते मधासारखे झाले, चौदाव्याला मग हातात धरवेना, आणि मग त्यातून पिवळसर धूर निघाला, तसा तो मी गच्चीच्या फरशीवर ठेवून दिला. तो डाग अजून आहे. त्यानंतर मी पहाटे पाचला आणि चाळीस ग्रॅमच्या घाण्यांनी, पसरट ताटलीत काम करू लागलो. दुसरा धडा आषाढातला. सीट ट्यूबच्या सांध्यावरचा पहिला हप्ता रात्रभर ठेवला, सकाळी पृष्ठभाग हाताला किंचित मेणचट लागला, तरी मी त्यावर पुढचे थर दिले. सुदैवाने त्याच वेळी एक नमुना तुकडाही केला होता. तो व्हाइसमध्ये धरून पकडीने ओढला तर वरचे थर केळ्याच्या सालीसारखे निघून आले. दमट हवेत हार्डनरमधील अमाइन वर येऊन पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते आणि तो मेणचट थर बसतो. अॅसिटोनने तो नुसता पसरतो, कोमट पाण्याने आणि खरखरीत स्क्रबरने मात्र धुऊन जातो. सांध्यावरचे नवे थर मी घासून काढले आणि ते काम पुन्हा केले.

एवढे होईपर्यंत माझी समजूत अशी होती की कार्बनचे काम जमले म्हणजे फ्रेम जमली. माझे वडील पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झाले आहेत. ते रोज संध्याकाळी वर येऊन पाहत आणि काही बोलत नसत. फक्त एकदा त्यांनी जिगवरच्या निळ्या ठोकळ्यांना बोट लावून विचारले, "हे कशाचे?" मी सांगितले की थ्रीडी प्रिंटरवर काढलेले, पीएलए प्लास्टिकचे, पिव्हटची नळी जागेवर धरून ठेवण्यासाठी. "बरं," म्हणाले आणि खाली गेले.

खोलीच्या तापमानाला जमलेले एपॉक्सी नंतर हळूहळू तापवून पक्के करावे लागते, नाहीतर उन्हात गाडीच्या टपावर ठेवलेली काळी फ्रेम सहज साठ अंशांपर्यंत तापते आणि सांधे मऊ पडतात. मी प्लायवूडची पेटी केली, आत ग्लासवूल आणि फॉइल, उष्णतेसाठी चार बल्ब, आणि तापमान धरण्यासाठी अंडी उबवण्याच्या यंत्रात वापरतात तो स्वस्त थर्मोस्टॅट. तासाला दहा अंश चढवत ६५ अंशांवर नेऊन आठ तास ठेवायचे ठरवले. गणपतीच्या सुट्टीत फ्रेम जिगसकट पेटीत गेली. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ होते ही गोष्ट मला माहीत होती. ती आणि समोरची पेटी यांची गाठ माझ्या डोक्यात पडली नाही, एवढेच.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपली ग्रॅनाइटची सरफेस प्लेट मांडली, पिव्हटच्या बेअरिंगांमधून १५ मिलीमीटरचा ग्राइंड केलेला बार घातला आणि फरक मोजायचा डायल लावला. ७० मिलीमीटर रुंदीच्या नळीत ०.४ मिलीमीटरचा तिरकेपणा आला होता. ऐकायला तो क्षुल्लक वाटतो, पण मागचे अॅक्सल पिव्हटपासून ४३५ मिलीमीटर दूर आहे, तिथे तो अडीच मिलीमीटर होतो. चाक एका बाजूला कलते आणि बेअरिंगांवर सतत आडवा ताण राहून ती काही महिन्यांत खडखडू लागतात. ठोकळे बोल्टच्या दाबाखाली दबले होते, त्याच वेळी एपॉक्सीही मऊ होती, आणि दोन्ही थंड होताना वाकडी जागा पक्की झाली होती. माझ्या दृष्टीने त्या फ्रेममधला तोवरचा सर्वांत सुबक सांधा तोच होता.

शिम (पातळ पत्री) घालून भागवावे असे मी सुचवून पाहिले. बाबा म्हणाले, "अरे, शिम घालून तू बेअरिंग सरळ करशील, बोअर तर वाकडाच राहील ना?" त्यांचे म्हणणे असे पडले की बॉटम ब्रॅकेटची (पेडलांचा आस जिथे बसतो ती) नळी आणि पिव्हटची नळी वेगवेगळ्या चिकटवणे हीच मूळ चूक आहे, दोन्ही बोअर (आरपार भोके) एकाच ठोकळ्यात, एकाच सेटिंगमध्ये काढले तर त्यांची समांतरता चिकटवण्याच्या हाताशी राहत नाही, मशिनच्या हाती जाते. मला ते पटायला दोन दिवस लागले, आणि सांधा डायमंड चकतीने पाणी सोडत कापायला आणखी दोन.

भोसरीतल्या एका लहान शॉपमध्ये ७०७५ जातीच्या अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून तो भाग करून घेतला. पिव्हटच्या ६९०२ बेअरिंगचा बाहेरचा व्यास २८ मिलीमीटर. त्याची जागा आम्ही एन-७ फिटमध्ये मागितली, म्हणजे २८ पेक्षा ७ ते २८ मायक्रॉन कमी, जेणेकरून बेअरिंग दाबूनच बसेल. बॉटम ब्रॅकेटचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४, आणि उजव्या बाजूचे उलटे. मशिनवरच्या काकांनी ड्रॉइंगवर बोट ठेवून दोनदा विचारले, "साहेब, एका बाजूला डावे आटे? चुकून नाही ना लिहिलं?" पेडल मारताना कप आपोआप सैल होऊ नये म्हणून ते तसे असतात हे सांगितल्यावर त्यांनी मान हलवली, पण माझ्या सहीशिवाय मशिन सुरू केले नाही. त्यांचे बरोबर होते.

अॅल्युमिनियम आणि कार्बन एकमेकांना थेट लागून राहिले आणि मध्ये घामाचे किंवा पावसाचे पाणी गेले की अॅल्युमिनियम पांढरे पडून पोखरले जाते, म्हणून ठोकळ्याभोवती आधी काचेच्या कापडाचा एक थर दिला. त्यापूर्वी धातू १२० च्या पेपरने घासून, अॅसिटोनने पुसून, तासाभराच्या आत चिकटवला, कारण उशीर झाला की त्यावर पुन्हा ऑक्साइड धरते. कापलेल्या नळ्यांमध्ये आतून बाही घालून लांबी भरून काढली. या वेळी जिगवरचे ठोकळे लोखंडाचे होते आणि पिव्हटमधून ग्राइंड केलेला बार आरपार ठेवूनच फ्रेम पेटीत गेली. बाहेर आल्यावर अॅक्सलपाशी फरक ०.३ मिलीमीटर निघाला. बाबांनी डायल काढून डब्यात ठेवला. त्यांच्याकडून याला शाबासकी म्हणतात.

सायकलींच्या सुरक्षिततेसाठी आयएसओ ४२१० हे मानक आहे आणि त्यात फ्रेमला पेडलच्या भाराखाली एक लाख आवर्तने काढावी लागतात. तसे यंत्र घरी कुठून येणार? मी फ्रेम आडवी धरून वाळूची पोती टांगली, किती वाकते ते मोजले, भार काढल्यावर मूळ जागी येते का ते पाहिले, आणि अशी चाचणी थकव्याबद्दल काहीच सांगत नाही हे स्वतःला बजावून आधी महिनाभर सपाट रस्त्यावरच चालवली. खरी भिस्त नाण्यावर होती. माठ घेताना जसे बोटाने वाजवून पाहतात, तसे रुपयाच्या नाण्याच्या कडेने सांध्यांवर सेंटिमीटर-सेंटिमीटर ठोकत जायचे. आवाज टणक आला तर थर धरून आहेत, बद्द आला तर आत कुठेतरी सुटले आहेत.

दिवाळीनंतर वेताळ टेकडीवर पहिली खरी उतरण केली. ६५.५ अंशांच्या कोनामुळे उतारावर पुढचे चाक माझ्या अंगाखाली येत नाही, हे पहिल्या वळणालाच जाणवले. शॉकमध्ये तीस टक्के सॅग (माझ्या वजनाने होणारा दाब), म्हणजे १६ मिलीमीटर, ठेवला होता. जुन्या सव्वादोन इंची टायरवर सगळे ठीक होते. नंतर मी अडीच इंची टायर चढवले आणि एका मोठ्या दणक्याला मागून रबर घासल्याचा आवाज आला. सीट ट्यूबच्या खालच्या भागावर काळा पट्टा उमटला होता. शॉकमधली हवा पूर्ण सोडून चाक शेवटपर्यंत दाबून पाहण्याची चाचणी मी केली होती, पण ती बारीक टायरवर. तेव्हा मोकळी जागा ४ मिलीमीटर होती आणि नव्या टायरची त्रिज्याच सुमारे ६ मिलीमीटरने जास्त. सीट ट्यूब कापून पुढे घेण्याचा मोह आवरला आणि शॉकच्या आत अडीच मिलीमीटरचा स्पेसर घातला. स्ट्रोक ५२.५ वर आला, चाल १३८ वर. टायर आता लागत नाही.

सात महिन्यांनी, नेहमीच्या रविवारच्या तपासणीत, रॉकरच्या डाव्या आधारापाशी नाणे बद्द वाजले. जागा करंगळीच्या नखाएवढी. भराव आणि पहिला थर यांच्यामध्ये तेव्हा हवेचा बुडबुडा राहिला असावा असा माझा अंदाज आहे. बाबांचा अंदाज त्यांनी अजून सांगितलेला नाही. त्या जागेभोवती पांढऱ्या पेन्सिलने रेघ ओढून शेजारी तारीख लिहिली. आतापर्यंत तिथे तीन तारखा झाल्या आहेत आणि रेघ एकच आहे. ती वाढली तर आधार कापून पुन्हा करायचा, म्हणून कापड आणि रेझिन आणून ठेवले आहे.