तुम्ही विचारलंत म्हणून: मी अजून मिस्साला का जाते

"मुलाने सांगितल्यावरसुद्धा तुम्ही दर रविवारी मिस्साला जाता?" हा प्रश्न मला वसईत कमी आणि वसईबाहेर जास्त विचारतात. विचारणारे मायेनेच विचारतात, म्हणून नीट उत्तर देते. माझा थोरला मुलगा समलिंगी आहे, पुण्यात जोडीदारासोबत राहतो. आणि हो, मी जाते. सकाळी सातच्या मिस्साला, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चमधल्या उपासनेला.

१९ डिसेंबर २०२३ ला मी नाताळच्या करंज्यांचं सारण भाजत होते आणि फोन सारखा वाजत होता. 'पोपनी समलिंगी लग्नांना मान्यता दिली', हीच बातमी चार ग्रुपांवर. एका नातेवाइकाने रडके चेहरे पाठवले होते, ऑफिसातल्या मैत्रिणीने अभिनंदन. मी गॅस तसाच ठेवून मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "आई, बातमी राहू दे. मूळ कागद वाचू."

आदल्या दिवशी व्हॅटिकनने काढलेली ती घोषणा, 'फिदुच्या सुप्लिकान्स', आम्ही दोघांनी फोनवरच वाचली. लग्न स्त्री-पुरुषाचंच, हे तिच्यात स्पष्ट लिहिलं होतं. मात्र समलिंगी जोडपं आशीर्वाद मागायला आलं, तर फादर त्यांच्यासाठी साधी प्रार्थना करू शकतात. विधी नाही, लग्नाचे कपडे नाहीत, सिव्हिल मॅरेजच्या वेळी तर नाहीच. पुढे ४ जानेवारीला खुलासा आला, त्यात अशी प्रार्थना १० ते १५ सेकंदांची असेल असं म्हटलं होतं.

सारण करपलं, पण त्या दिवशी मी पोटभर रडले. मार्च २०२१ मध्ये व्हॅटिकनच्या त्याच कार्यालयाने अशा नात्याला आशीर्वाद देता येत नाही, असं सांगितलं होतं. तेव्हा दोन रविवार मी चर्चची पायरी चढले नव्हते. आता दार थोडं किलकिलं झालं होतं. आनंद खरा होता आणि बोचही खरी होती. बातमीत मात्र दोन्ही नव्हतं, नुसता गदारोळ होता.

मला राग येतो तो या अर्धवटपणाचा. जुलै २०१३ मध्ये रिओहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस म्हणाले होते की एखादी समलिंगी व्यक्ती सद्भावनेने देवाला शोधत असेल, तर तिचा न्याय करणारा मी कोण? मथळ्यांत शेवटचे चार शब्दच उरले. देवाला शोधणारा तो माणूस गाळला गेला, आणि माझ्यासाठी तर तोच माझा मुलगा होता. सातवीत असताना वेदीसेवक म्हणून, मिस्सात फादरना मदत करायला, पहाटे अंधारात सायकल काढणारा.

पण दोष एकट्या पत्रकारांचा नाही. आमच्या धर्मशिक्षणग्रंथात समलिंगी कृती चूक म्हणणारा कठोर परिच्छेद आहे, आणि त्याच्या लगेच पुढे अशा माणसांना आदराने, करुणेने स्वीकारा, त्यांच्याशी अन्यायाने भेदभाव करू नका, असंही आहे. आम्ही प्रवचनांतून पहिलाच जास्त ऐकला. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा लागू केलं, तेव्हा मुंबईचे आर्चबिशप कार्डिनल ग्रेशस यांनी चर्च समलिंगी व्यक्तींना गुन्हेगार मानत नाही, असं जाहीरपणे सांगितलं होतं. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. ज्या वर्षी माझं पोर एकटं कुढत होतं, त्या वर्षी हे कुणी मला वाचून दाखवलं असतं तर!

मी जाते, कारण येशूशी माझं बोलणं लहानपणापासूनचं आहे. त्या कठोर परिच्छेदाबद्दलही मी त्याच्याशीच भांडते. ख्रिस्तप्रसाद घेऊन बाकावर परतले की मुलाचं नाव घेते, मग त्याच्या जोडीदाराचं.

त्या नाताळला दोघं घरी आले होते. निघताना मी नेहमीसारखी मुलाच्या कपाळावर अंगठ्याने क्रुसाची खूण केली. जोडीदार हिंदू आहे, तो मागे बॅग धरून उभा होता. मग त्यानेही पुढे येऊन मान खाली केली. बसला अजून वेळ होता. मी घाई केली नाही.