सप्ताह उठल्यावर भंडारा आणि भामचंद्र डोंगर: सोबत गाथेतले मोजके अभंग

काल्याचं कीर्तन झालं, प्रसाद झाला, वीणा खाली ठेवला की बहुतेक मंडळी त्याच दुपारी घरची वाट धरतात. आमचं सांगणं असं की देहूत सप्ताहाला बसला असाल तर आणखी दोन दिवस हाताशी ठेवा. पहाटेचा काकडा, दिवसभर तुकोबांच्या गाथेचं पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन, असे सात दिवस गेले की कान भरलेले असतात. पण पारायणात आवाज सगळ्यांचा आणि गतीही सगळ्यांची. साडेचार हजारांच्या आसपास अभंग सात दिवसांत संपवायचे तर कुठल्याच चरणावर थांबता येत नाही. ते थांबणं डोंगरावर होतं: तुकोबा एकांताला जात त्या, देहूजवळच्या भंडारा आणि भामचंद्र डोंगरांवर.

निघण्याआधी करायचं काम एकच. गाथेतले पाच अभंग निवडून हाताने कागदावर उतरवून घ्या. अख्खी गाथा पाठीवर वाहू नका आणि मोबाइलवरही वाचू नका, दुसऱ्या अभंगाला फोन वाजतो. पारायणात जिथे आवाज अडखळला, डोळे भरले किंवा अर्थच लागला नाही, ते अभंग घ्या. अभंगाचा क्रमांक नको, पहिला चरण लिहा. प्रतीप्रतीत क्रमांक बदलतात आणि नंतर कुणा जाणत्याला विचारायला गेलात की घोटाळा होतो.

पहिला दिवस भंडाऱ्याचा. देहूहून पाच-सहा किलोमीटर, इंदोरीजवळ, तळेगाव–चाकण रस्त्यालगत. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण पाय धड असतील तर चालतच चढा. हिवाळ्यात सूर्योदयाला पायथ्याशी असावं. माघ शुद्ध दशमीला आणि तुकाराम बीजेच्या आसपास इथे मोठी यात्रा असते. दर्शनाला ते दिवस उत्तम, एकांताला नाहीत. वर गेली काही वर्षं नव्या दगडी मंदिराचं काम चालू आहे, त्यामुळे देवळाभोवती शांतता मिळेलच असं नाही. दर्शन घ्या आणि डोंगरातल्या जुन्या कोरीव लेण्यांच्या बाजूला या. इथली लेणी बौद्ध आहेत. तिथे मोठ्याने भजन नको, भिंतींना गंध-कुंकू तर नकोच.

इथे ‘वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें’ घ्यावा. हा अभंग सगळ्यांना पाठ असतो, तीच अडचण. पहिला चरण ओठांवर आला की मन पुढचं ऐकेनासं होतं. म्हणून उलटीकडून वाचा. शेवटचा चरण आधी: ‘तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी’. झाडं-पाखरं सोयरी झाल्यावर तुकोबा त्यांच्याकडे कौल मागत नाहीत. उजवीकडून पक्षी गेला, फूल पडलं, म्हणजे देवाने होकार दिला, असलं काही या अभंगात नाही. एकांतात बसलं की स्वतःचाच वाद स्वतःशी सुरू होतो आणि मार्गदर्शन व्हायचं ते त्या वादातून. सप्ताहानंतर लोक डोंगरावर संकेत शोधत फिरतात आणि हात हलवत परत येतात, त्याचं कारण आमच्या मते हेच आहे.

बसायची रीत अशी. अभंग एकदा हलक्या आवाजात वाचा, कागद घडी करून खिशात घाला, आणि वीस-पंचवीस मिनिटं डोळे उघडे ठेवून बसा. मग पुन्हा एकदा वाचा. घड्याळ काढून ठेवा. त्याच अभंगात ‘जाणवितो वारा अवसरू’ म्हटलंय, ते बसूनच कळतं: सकाळचा गार वारा पडतो, ऊन पाठीवर चढतं, दगड तापायला लागतो, आणि उठायची वेळ आपोआप समजते. सकाळी दोन अभंग झाले तरी पुष्कळ. पाचही एका बैठकीत उरकलेत तर पुन्हा पारायणच झालं.

दुसरा दिवस भामचंद्राचा. वाटेत सुदुंबरं लागतं. तुकोबांचे अभंग उतरवून घेणाऱ्या संताजी जगनाड्यांची समाधी तिथे आहे, थोडं थांबून पुढे जा. हा रस्ता चाकणच्या कारखान्यांचा. कंटेनरची रांग लागली की किलोमीटरभराला अर्धा तास जातो, म्हणून पहाटेच निघा आणि दोन्ही डोंगर एका दिवसात बसवू नका.

शिंदे-वासुली भागातून भामचंद्र चढायला पाऊण तास धरावा. गुहांजवळची वाट अरुंद आहे. पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. माणशी दोन लिटर पाणी खालूनच न्या. ‘सर्प विंचू व्याघ्र अंगासी झोंबले’ हे याच भामगिरीबद्दलच्या अभंगातलं आहे. वाघाचं सोडा, पण साप-विंचू आजही आहेत: दगड उचलू नका, कपारीत हात घालू नका, बसण्याआधी काठीने जागा झाडा. कड्याला आग्या मोहळं असू शकतात. अत्तर लावून जाऊ नका, धूप-उदबत्ती पेटवू नका. माश्या उठल्याच तर हात झटकू नका, तोंड-डोकं कापडाने झाका आणि माश्यांच्या घोळक्यापासून लांब निघा. उताराच्या वाटेवर मात्र आंधळेपणाने पळू नका.

वर गुहेत महादेव आहे आणि गुहांमधून साधक राहून अभ्यास करतात. त्यांच्या अभ्यासाच्या वेळी बोलायला जाऊ नका. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात अभ्यासाच्या जागेचं वर्णन आहे: ‘जेथ आराणुकेचेनि कोडें । बैसलिया उठों नावडे’, म्हणजे निवांतपणाच्या गोडीने बसलं की उठावंसं वाटत नाही अशी जागा. पुढे तिथे एखादा गुप्त मठ किंवा शिवालय असावं असंही माउली म्हणतात. त्या ओव्या इथे वाचल्या की एकेक खूण समोर दिसत जाते.

मग ‘ओलें मूळ भेदी खडकाचें अंग’. कातळाच्या भेगेत शिरलेलं एखादं झाड शोधा आणि त्याच्या मुळावरून नजर फिरवत जा. टोकाला ते बोटाएवढंही जाड नसतं. जिथे पाणी झिरपतं तिथूनच ते आत शिरतं आणि वर्षानुवर्षं जाड होत दगड उकलतं. कोरडं पडलं तर थांबतं. ‘अभ्यासासी सांग कार्यसिद्धी’ हा चरण त्या भेगेपाशीच वाचा आणि घरी रोज नेमाने काय होण्यासारखं आहे ते तिथेच ठरवा. तास-तासाचा नेम धरू नका, आठवड्यात मोडतो. रोज एक अभंग, पहाटे, वाचून दहा मिनिटं गप्प. अडलेला चरण वहीत लिहायचा आणि महिन्यातून एकदा वाचणाऱ्या-सांगणाऱ्या वडीलधाऱ्याकडे न्यायचा.

देहूत परतल्यावर इंद्रायणीला नमस्कार करा, पण पाणी तीर्थ म्हणून पिऊ नका, नदी फार बिघडली आहे. रेल्वेने जाणाऱ्यांना देहूरोड स्टेशन जवळ, पुणे–लोणावळा लोकल तिथे थांबते. आळंदीकडे जायचं तर देहूतूनच पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर-सेवेची, बस मिळते.